ग्रंथालयाच्या टेबलामागचा माणूस

(कुर्ला येथे ग्रंथालय कार्यकर्ते आणि वाचक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

सार्वजनिक ग्रंथालयांसंबंधी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा पुस्तकांची, इमारतींची आणि अनुदानाची असते. जो माणूस देवघेवीच्या टेबलामागे बसतो, वाचकाने सांगितलेले अर्धेमुर्धे नाव ऐकून नेमके पुस्तक कपाटातून काढून देतो आणि रात्री दाराला कुलूप लावून घरी जातो, त्याच्याविषयी क्वचितच कोणी बोलते. वस्तुतः ग्रंथालय जिवंत आहे की नाही, हे त्या माणसावरून ठरते. कपाटे भरलेली असूनही ओस पडलेली ग्रंथालये सर्वांच्या परिचयाची आहेत. आणि दोन खोल्यांत थाटलेली, पण संध्याकाळी दाराशी चपलांचा ढीग पडलेली ग्रंथालयेही परिचयाची आहेत. या दोहोंमधला फरक पुष्कळदा टेबलामागच्या माणसाचाच असतो.

हा माणूस कोण असावा, या प्रश्नाला आज दोन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर असे की, तो ग्रंथालयशास्त्राची पदवी किंवा निदान प्रमाणपत्र घेतलेला असावा. वर्गीकरण, तालिकीकरण, दाखलनोंद ही कामे येरागबाळ्याची नव्हेत. दुसरे उत्तर असे की, कागदाने ग्रंथपाल घडत नाही. ज्याला पुस्तकांचे वेड आहे आणि माणसांची ओढ आहे, असा माणूस व्यवसायाबाहेरून आणावा. मग तो निवृत्त शिक्षक असो, बंद पडलेल्या कारखान्यातला कामगार असो, वस्तीतली एखादी गृहिणी असो की नोकरी शोधणारा कवी असो. दुसरे उत्तर ऐकायला गोड आहे, आणि त्यात सत्याचा मोठा अंशही आहे. म्हणूनच ते नीट तपासून घेतले पाहिजे. अर्धे खरे असलेले विधान चुकीच्या हातात पडले तर त्याचा उपयोग शस्त्रासारखा होऊ शकतो.

प्रथम सत्याचा अंश पाहू. महाराष्ट्रातील ग्रंथालये कोणी उभारली? अहमदनगरचे ग्रंथालय १८३८ सालचे, नाशिकचे १८४० सालचे, पुण्याचे १८४८ सालचे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली निघाले. त्याच्या संस्थापकांत ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे होते. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ साली स्थापन झाले. या देशात ग्रंथालयशास्त्राचा पहिला वर्ग बडोद्यात १९११ साली भरला. याचा अर्थ सरळ आहे. त्यापूर्वीची सारी ग्रंथालये ज्यांनी उभारली आणि चालवली, त्यांतील एकानेही या देशात ग्रंथपालनाचे शिक्षण घेतलेले असणे शक्यच नव्हते. ते वकील होते, शिक्षक होते, कारकून होते, लेखक होते.

मुंबईपुरते बोलायचे तर आणखी एक गोष्ट श्रमिकांनी अभिमानाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. काळा घोड्याजवळचे डेव्हिड ससून ग्रंथालय आज एका धनिकाच्या नावाने ओळखले जाते. परंतु त्याची मुळे १८४७ साली टांकसाळीत आणि सरकारी गोदीत काम करणाऱ्या तरुण यंत्रकारागिरांनी रोवली. यंत्रांच्या प्रतिकृती आणि पुस्तके एकत्र ठेवून आपणच आपले शिक्षण करावे, या हेतूने त्यांनी संस्था काढली. ससून यांची देणगी आणि १८७० साली पुरी झालेली देखणी इमारत ही नंतरची. ग्रंथालय ही वस्तू हाताला तेल लागलेल्या माणसांनाही सुचते, एवढेच नव्हे तर त्यांना ती आधी सुचते, याचा हा पुरावा आहे.

केरळचे उदाहरण याहून मोठे आहे. पी. एन. पणिक्कर हे साधे शाळामास्तर होते. त्यांच्या पुढाकाराने १९४५ साली त्रावणकोरमधील ४७ गावग्रंथालयांचा संघ स्थापन झाला. पुढे त्याचाच विस्तार साऱ्या केरळभर झाला आणि १९८९ साली राज्याला ग्रंथालयांचा स्वतंत्र कायदा करावा लागला. खेड्यातला तरुण, बिडी कामगार, शिक्षक, शेतमजूर यांनी संध्याकाळी दिवा लावून ही ग्रंथालये चालवली. साक्षरतेच्या बाबतीत केरळचे नाव आदराने घेतले जाते, त्यामागे अशा दिव्यांचाही वाटा आहे.

एवढे पाहिल्यावर कोणी म्हणेल की निकाल लागला. व्यवसायाबाहेरची आवड हीच खरी. पण येथे डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांची कहाणी आड येते, आणि ती बारकाईने पाहण्यासारखी आहे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणून ज्यांना मान दिला जातो, ते रंगनाथन स्वतः व्यवसायाबाहेरूनच आले. ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवीत. १९२४ सालच्या जानेवारीत मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल म्हणून त्यांची नेमणूक झाली तेव्हा त्यांच्यापाशी ग्रंथालयशास्त्राची पदवी नव्हती. ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. परंतु दुसरी गोष्ट सहसा सांगितली जात नाही. त्यांच्यापाशी तेव्हा आवडही नव्हती. अध्यापकाचा पगार तुटपुंजा होता, ग्रंथपालाचा बरा होता. मित्रांच्या आग्रहाखातर त्यांनी अर्ज केला. विद्यार्थ्यांनी गजबजलेल्या वर्गातून निघून ते त्या निर्जन दालनात येऊन बसले, आणि काही दिवसांतच, आपल्याला परत वर्गात घ्या, असे म्हणत आपल्या जुन्या प्राचार्यांकडे गेले. शिक्षणासाठी इंग्लंडला जाण्याचे ठरलेलेच होते. तेथे जाऊन या, आणि परत आल्यावरही मन रमले नाही तर जागा मिळेल, असे त्यांना सांगण्यात आले.

ते लंडनला गेले. तेथे बर्विक सेयर्स यांच्यासारखा शिक्षक त्यांना लाभला. त्यांनी इंग्लंडमधली अनेक ग्रंथालये पाहिली. मजुरांच्या वस्तीतही ग्रंथालय असते, मुलांसाठी वेगळी खोली असते, वाचक स्वतः कपाटापाशी जाऊन पुस्तक निवडू शकतो, हे पाहिल्यावर या कामाचा सामाजिक अर्थ त्यांना उमगला. गणितज्ञाच्या बुद्धीला वर्गीकरणातले आव्हान भावले. १९२५ साली ते परतले ते पुन्हा वर्गात जाण्यासाठी नव्हे. ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगणारे त्यांचे पुस्तक १९३१ साली आले, द्विबिंदू वर्गीकरण १९३३ साली आले, आणि त्यांच्या खटपटीतून मद्रासचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९४८ साली झाला.

या कहाणीचा बोध काय? बाहेरचा माणूस घ्यावा, हा बोध आहेच. पण त्याहून महत्त्वाचा बोध असा की, आवड ही माणूस जन्मतः घेऊन येतो अशी वस्तू नव्हे. कामाला अर्थ असेल, त्या कामाचे शिक्षण मिळेल आणि पोटाची चिंता नसेल, तर आवड निर्माण होते. रंगनाथन यांना आधी बरा पगार मिळाला, नंतर संस्थेच्या आधाराने प्रशिक्षण मिळाले, आणि त्यानंतर आवड आली. आज जे लोक आवडीचा महिमा गातात ते हा क्रम नेमका उलटा करतात. ते आवड आधी मागतात, प्रशिक्षण ज्याचे त्याने करून घ्यावे म्हणतात, आणि पगाराचा विषय निघाला की सेवाभावाची आठवण करून देतात.

पाश्चात्त्य जगातही हा वाद जुना आहे. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९३९ साली आर्चिबाल्ड मॅक्लीश या कवीला ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ या देशातल्या सर्वांत मोठ्या ग्रंथालयाचे प्रमुख नेमले. तेथील ग्रंथपालांच्या संघटनेने जाहीर विरोध केला. ज्याने एक दिवसही ग्रंथालयात काम केले नाही त्याच्या हाती हे ग्रंथालय कसे देता, असा त्यांचा सवाल होता. मॅक्लीश आले आणि त्यांनी पाच वर्षांत त्या विस्कळीत संस्थेची नवी घडी बसवली. पण ती कशी बसवली? कवित्वाच्या बळावर नव्हे. व्यवसायातल्या जाणत्या ग्रंथपालांची समिती नेमून, कुठे काय तुंबले आहे हे त्यांच्याकडून तपासून घेऊन त्यांनी ती बसवली. बाहेरच्या माणसाने बाहेरची दृष्टी आणली आणि आतल्या माणसांचे ज्ञान वापरले. दोहोंची गाठ पडली म्हणून काम झाले.

इंग्लंडमध्ये फिलिप लार्किन हा तरुण १९४३ साली वेलिंग्टन या लहानशा गावाच्या ग्रंथालयात लागला. त्याच्यापाशी विद्यापीठाची पदवी होती, ग्रंथपालनाची नव्हती. बॉयलर पेटवण्यापासून पुस्तके देण्यापर्यंत सारे त्यालाच करावे लागे. नोकरी करता करता त्याने पत्रद्वारा अभ्यास करून व्यवसायाच्या परीक्षा दिल्या, आणि पुढे १९५५ पासून १९८५ साली मृत्यू येईपर्यंत हल विद्यापीठाचे ग्रंथालय सांभाळले. इंग्रजी काव्यात त्याचे नाव मोठे आहे. पण कवी होता म्हणून त्याला परीक्षांतून सूट मिळाली नाही, आणि त्यानेही ती मागितली नाही.

आता आपल्या घरी परत यावे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ सालचा. या कायद्याने ग्रंथालये सरकारी झाली नाहीत. ती स्थानिक संस्थांनी चालवावीत आणि शासनाने अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार सहायक अनुदान द्यावे, अशी ही व्यवस्था आहे. मद्रासच्या कायद्यात ग्रंथालयासाठी उपकराची तरतूद होती. महाराष्ट्राच्या कायद्यात ती नाही. त्यामुळे ग्रंथालयाचे पोट शासनाच्या मर्जीवर भरते. राज्यात मान्यताप्राप्त ग्रंथालये दहा हजारांहून अधिक आहेत आणि त्यांत वीस हजारांहून अधिक माणसे काम करतात. ही माणसे शासनाची नोकर नाहीत. ज्या संस्थेची शक्ती महिन्याचे वीजबिल भरण्याइतपतच आहे, अशा संस्थेची ती नोकर आहेत. वेतनश्रेणी आणि सेवाशर्ती मिळाव्यात ही त्यांची मागणी काही दशकांची आहे. प्रभा राव यांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली, व्यंकप्पा पत्की यांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली. अहवाल आले आणि कपाटात गेले. ग्रंथालयांच्या कर्मचाऱ्यांचे अहवाल कपाटात जावेत, यात एक क्रूर विनोद आहे.

आकडा पाहिल्याशिवाय या व्यवस्थेचे खरे रूप कळत नाही. ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षाला ३०,००० रुपये मिळत असत. २०२२ सालच्या नोव्हेंबरात शासनाने अनुदानात ६० टक्के वाढ मान्य केली. त्या हिशेबाने ही रक्कम तेव्हा ४८,००० रुपये झाली. अनुदानाचा निम्मा भाग वेतनासाठी आणि निम्मा पुस्तके, वर्तमानपत्रे, जागाभाडे इत्यादी खर्चासाठी, असा दंडक आहे. म्हणजे वेतनासाठी वर्षाला २४,००० रुपये. महिन्याला २,००० रुपये. एका माणसाने रोज ग्रंथालय उघडावे, झाडावे, दाखलनोंद ठेवावी, वाचकाशी गोड बोलावे, लेखापरीक्षणाची तयारी करावी आणि महिनाअखेर २,००० रुपये घरी न्यावेत. मुंबईत एवढ्या पैशांत खोलीचे भाडे तर सोडाच, महिन्याचा किराणाही येत नाही.

या पार्श्वभूमीवर, व्यवसायाबाहेरचा आवड असलेला माणूस हवा, ही जाहिरात वाचली पाहिजे. प्रशिक्षित माणूस २,००० रुपयांत येत नाही, हे संस्थाचालकांना ठाऊक असते. तेव्हा आवड असलेला माणूस शोधला जातो, आणि आवड याचा व्यवहारातला अर्थ हा की, जो पगाराचे नाव काढणार नाही. ही युक्ती केवळ ग्रंथालयांपुरती नाही. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हापासून अंगणवाडीतल्या बाईला पगार नव्हे, मानधन दिले जाते. २००५ साली आलेल्या आशा कार्यकर्तीला मोबदला दिला जातो, वेतन नव्हे. जेथे जेथे काम माणसांच्या जिव्हाळ्याचे असते, तेथे तेथे जिव्हाळा हाच पगार समजावा, असा शासनाचा आणि समाजाचाही कल असतो. मान शब्दाला धन शब्द जोडला की धन कमी केले तरी चालते, असा हा हिशेब आहे. समाजवाद्यांनी तरी या हिशेबाला फसू नये. आवड हे नेमणुकीचे कारण असू शकते. कमी वेतनाचे कारण ते कधीही होऊ शकत नाही. शस्त्रक्रियेची आवड असलेल्या शल्यविशारदाला कोणी आवडीपोटी फुकट कापाकापी करायला सांगत नाही.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. आवड कोणी मोजायची आणि कशी मोजायची? अर्हता कागदावर असते, म्हणून ती रूक्ष वाटते. पण तिच्यातला एक गुण विसरता कामा नये. ती सर्वांना सारखीच लागू असते. ज्या मुलाच्या बापाला वाचता येत नव्हते, त्या मुलाने जिल्हा ग्रंथालय संघाच्या वर्गात बसून सहा महिन्यांचे प्रमाणपत्र मिळवले, तर त्या कागदापुढे संस्थाचालकाच्या भाच्यालाही थांबावे लागते, निदान थांबावे लागायला हवे. परीक्षा हे वशिल्याच्या विरुद्ध दुबळ्याच्या हाती आलेले एक हत्यार आहे. ते बोथट असेल, पण आहे. त्याऐवजी मुलाखतीत, आपण अलीकडे काय वाचले, असे विचारून आवड ठरवायची म्हटले, तर ज्याच्या घरी तीन पिढ्यांची पुस्तकांची मांडणी आहे त्याचीच आवड उठून दिसणार. ज्याने दिवसभर माल वाहून रात्री फाटकी कादंबरी दिव्याखाली वाचली त्याला आपली आवड सांगताच येणार नाही. त्याचे शब्द अडतील, आणि समिती म्हणेल, गोडी दिसत नाही. जातीने आणि वर्गाने दिलेली सफाई ही आवड म्हणून खपते, हे आपल्या समाजातले जुनेच लबाड गणित आहे.

याच्या उलट टोकाची गोष्टही तितकीच खरी आहे. कुर्ला तालुक्याच्या हद्दीत घाटकोपरचे चिरागनगर येते. तेथील झोपडीत राहून अण्णा भाऊ साठे यांनी लेखन केले. शाळेशी त्यांचा संबंध अगदी नावापुरता आला होता. ‘फकिरा’ १९५९ साली प्रसिद्ध झाली आणि राज्य शासनाने तिचा गौरव केला. अशा माणसाने आपल्या वस्तीतल्या ग्रंथालयात साहाय्यकाच्या जागेसाठी अर्ज केला असता, तर नियमावर बोट ठेवून त्यांचा अर्ज पहिल्या फेरीतच बाजूला काढावा लागला असता. नारायण सुर्वे यांनी गिरणीत काम केले, पालिकेच्या शाळेत शिपाई म्हणून काम केले आणि मग ते शिक्षक झाले. म्हणजे कागदाचे कुंपणही गरिबालाच अडवते. एका बाजूला वशिल्यापासून वाचवणारे कुंपण आणि दुसऱ्या बाजूला गुणवंताला बाहेर ठेवणारे कुंपण, अशी ही दुहेरी अडचण आहे. ती सोडवायची तर आवड की अर्हता, हा प्रश्न विचारण्याचेच सोडून दिले पाहिजे. अर्हता कधी मागायची आणि तिचा खर्च कोणी करायचा, हा खरा प्रश्न आहे.

कुर्ल्याच्या संदर्भात हे अधिक स्पष्ट होते. जमशेटजी टाटांनी १८८६ साली येथली बंद पडलेली धरमसी गिरणी घेऊन तिची स्वदेशी मिल केली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेवरची गाडी बोरीबंदरहून कुर्ल्यापर्यंत धावली. प्रीमियर ऑटोमोबाइल्स, मुकंद, कमानी या नावांनी हजारो चुली पेटत होत्या. त्या गिरणीचे आणि त्या मोटारींचे दिवस संपले. २०११ साली येथे प्रचंड मॉल उघडला. त्याच वर्षीच्या जनगणनेत पालिकेच्या एल विभागाची वस्ती नऊ लाखांच्या घरात होती. या वस्तीत कोकणातला आणि घाटावरचा मराठी माणूस आहे, उर्दू बोलणारा कारागीर आहे, उत्तरेकडचा रिक्षाचालक आहे, गुजराती दुकानदार आणि तमिळ मजूरही आहे.

अशा ठिकाणी ग्रंथालयात येणारा वाचक कसा असतो? दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात म्हणून अभ्यासाला जागा शोधणारा विद्यार्थी असतो. मुलीला शाळेतून घरी नेताना दहा मिनिटे मासिक चाळणारी आई असते. पाळी संपल्यावर वर्तमानपत्र वाचायला येणारा सुरक्षा रक्षक असतो. उर्दूतले कथापुस्तक मिळेल का, असे दबकत विचारणारी मुलगी असते. या वाचकांना ओळखणारा, त्यांच्या भाषेत बोलणारा, कोणत्या गल्लीत पाणी किती वाजता येते आणि म्हणून बायका ग्रंथालयात कोणत्या वेळी येऊ शकत नाहीत हे जाणणारा माणूस पदवीच्या अभ्यासक्रमात तयार होत नाही. तो वस्तीतच असतो. उर्दू वाचता येणारी बारावी झालेली मुलगी, नोकरी गेलेला कारखान्यातला भांडारपाल, ज्याने आयुष्यभर हजारो सुटे भाग क्रमांकाने लावले आणि मागताक्षणी काढून दिले, यांच्याइतके ग्रंथपालाच्या कामाला जवळचे कोण आहे? त्यांना दाराबाहेर ठेवणे हा मूर्खपणा आहे. परंतु त्यांना आत घेऊन अडाणी ठेवणे, आणि त्या अडाणीपणाचा दाखला देऊन कमी पैसे देणे, हा अन्याय आहे.

या बाबतीत कुर्ल्याने एकदा साऱ्या देशाला धडा दिला आहे. कमानी ट्यूब्ज हा कारखाना १९८५ साली बंद पडला. मालक निघून गेले, कामगार राहिले. त्यांनी सहकारी संस्था काढली, आपली पुंजी घातली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला आणि १९८८ साली कारखाना कामगारांच्या मालकीचा झाला. व्यवस्थापनाच्या व्यवसायाबाहेरचे लोक व्यवस्थापक झाले, म्हणून त्यांची थट्टाही झाली. परंतु त्या कामगारांनी, आम्हाला तळमळ आहे, आता तज्ज्ञांची गरज नाही, असे म्हटले नाही. संचालक मंडळावर कामगारांचे प्रतिनिधी बसले आणि त्यांच्या शेजारी बाहेरचे जाणकारही बसले. पुढे भांडवलाच्या टंचाईने तो प्रयोग अडचणीत आला, हे खरे आहे. आणि तोही धड्याचाच भाग आहे. तळमळ, ज्ञान आणि पैसा या तिन्हींपैकी एक कमी पडले की उरलेल्या दोघांवर संस्था फार काळ तगत नाही. ग्रंथालयाला हाच न्याय लागू आहे.

तेव्हा मागणी काय असावी? पहिली गोष्ट, प्रवेशाचे दार रुंद करावे. खालच्या जागांवर नेमणूक करताना ग्रंथालयशास्त्राचे प्रमाणपत्र आधीच हातात असले पाहिजे, हा आग्रह सोडावा. निवड उघड जाहिरातीने व्हावी. निवड समितीत एक प्रशिक्षित ग्रंथपाल आणि वाचकांचा एक प्रतिनिधी असावा. आवड शब्दांनी तपासू नये, कामाने तपासावी. उमेदवाराला महिनाभर सवेतन काम द्यावे. तो लाजणाऱ्या मुलाशी कसा बोलतो, फाटलेल्या पुस्तकाचे काय करतो, जे पुस्तक सापडत नाही त्याचा पाठपुरावा करतो की नाही, हे पाहावे. यात घराण्याची सफाई उपयोगी पडत नाही.

दुसरी गोष्ट, आत आलेल्या माणसाचे प्रशिक्षण ही संस्थेची आणि शासनाची जबाबदारी असावी. ग्रंथालय संचालनालयाच्या परीक्षेसाठी सहा महिन्यांचे वर्ग जिल्हा ग्रंथालय संघ चालवतात. नेमणुकीनंतर दोन वर्षांच्या आत हे प्रमाणपत्र त्याने घेतलेच पाहिजे. मात्र शुल्क संस्थेने वा शासनाने भरावे आणि वर्गाचे तास कामाचे तास धरावेत. पुस्तकाला क्रमांक देणे हे बाहेरून पाहणाऱ्याला यांत्रिक वाटते. पण चुकीच्या क्रमांकाखाली ठेवलेले पुस्तक हे हरवलेले पुस्तक असते. ज्या वाचकापाशी अर्धाच तास आहे त्याचा तो अर्धा तास वर्गीकरण वाचवते. वाचकाविषयीची आस्था ही शेवटी अशा तांत्रिक कामात उतरावी लागते. नाहीतर ती नुसती भावना राहते.

तिसरी गोष्ट, काम सारखे तर दाम सारखे. बाहेरून आलेला म्हणून कमी आणि पदवीधर म्हणून उपाशी, असे दोन्ही नकोत. किमान वेतनाच्या खाली एकाही ग्रंथालय कर्मचाऱ्याला राबवू नये. यासाठी अनुदानाच्या टक्केवारीत दर दहा वर्षांनी भर घालून भागणार नाही. मद्रासच्या आणि केरळच्या कायद्यांप्रमाणे ग्रंथालयासाठी उपकराची तरतूद महाराष्ट्रातही व्हायला हवी. ज्या शहरात जमिनीच्या चौरस फुटाला सोन्याचा भाव येतो, त्या शहराच्या मालमत्ता करातला अल्पसा अंश वाचनालयांना मिळावा, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही.

चौथी गोष्ट व्यवसायातल्या मंडळींना सांगण्याजोगी आहे. बाहेरून येणाऱ्या माणसाकडे त्यांनी संशयाने पाहणे स्वाभाविक आहे. वर्षानुवर्षे अर्ध्या पगारावर राबल्यानंतर कोणी हौशी माणूस येऊन आपली जागा घेईल, ही भीती निराधार नाही. पण त्यांचा शत्रू तो हौशी माणूस नाही. दोघांनाही २,००० रुपयांत एकमेकांविरुद्ध उभे करणारी व्यवस्था हा त्यांचा शत्रू आहे. बाहेरून आलेल्याला संघटनेत घ्यावे, त्याला काम शिकवावे आणि त्याच्यासह वेतनासाठी लढावे. जुन्या सेवकांची बढती रोखून बाहेरचा माणूस वरच्या जागेवर आणला जाणार नाही, याची हमीही त्याच वेळी मागून घ्यावी.

मित्रहो, ग्रंथालय हे गरिबाचे विद्यापीठ आहे असे आपण म्हणतो. विद्यापीठाला अध्यापक लागतो. गरिबाच्या विद्यापीठाला मात्र स्वयंसेवक पुरतो, असे मानणे म्हणजे गरिबाला दुय्यम प्रतीचे ज्ञान पुरते असे मानणे होय. टेबलामागचा माणूस वस्तीतला असावा, तो प्रेमाने काम करणारा असावा आणि आपल्या कामात पारंगतही असावा. पहिल्या दोन गोष्टी कुर्ल्यात विपुल आहेत. तिसरी आणि तिच्याबरोबर पोटभर वेतन देणे हे समाजाचे काम आहे. ते मागण्यासाठी येथल्या वाचकांनी आणि ग्रंथालय सेवकांनी एकत्र आले पाहिजे. वाचकांनी ही मागणी आपली मानली, तरच ती एका लहानशा नोकरवर्गाची तक्रार न राहता लोकांची मागणी होईल.